‘जवळची नातेवाईक’ ते ‘इच्छुक स्त्री’ : एक विधेयक, दोन समित्या

संसदीय समितीचा अहवाल हाती आला की मी आधी मधली पानं उघडते. सुरुवातीला सदस्यांची यादी आणि प्रास्ताविक असतं, शेवटी बैठकांची इतिवृत्तं. खरा ऐवज मधे. तिथे मांडणीची एक ठरलेली रीत आहे. आधी विधेयकातला खंड, मग त्यावर लोकांनी आणि संस्थांनी दिलेली निवेदनं, मग संबंधित खात्याचं उत्तर, आणि त्याखाली ठळक अक्षरांत समितीचं मत. एखादा खंड चार ओळींत उरकतो, एखाद्यावर पानंच्या पानं जातात. पानं वाढली की समजायचं, इथे खरा पेच आहे.

सरोगसी विधेयकातला सगळ्यात अवघड पेच दोन साध्या शब्दांचा होता : ‘जवळची नातेवाईक’. मूल होऊ न शकणाऱ्या जोडप्यासाठी गर्भ वाढवणारी स्त्री, म्हणजे सरोगेट, त्यांची जवळची नातेवाईकच हवी, अशी अट सरकारने २०१६ च्या विधेयकात घातली होती. जवळची म्हणजे किती जवळची, याची व्याख्या विधेयकात नव्हती. बहीण चालेल, हे कोणीही सांगेल. पण मावसबहीण? जाऊ? नवऱ्याच्या चुलतभावाची बायको? हे दोन शब्द विधेयकातून निघायला पाच वर्षं, दोन समित्या आणि एक लोकसभा खर्ची पडली. समितीचं काम कसं चालतं, ते कुठवर पोचतं आणि कुठे अडतं, हे समजावून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण सापडलेलं नाही.

आधीची गोष्ट

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तेव्हा या तंत्राचं एवढं मोठं क्षेत्र होईल असं फारसं कोणाला वाटलं नसेल. २००० नंतर मुंबई, आणंद, दिल्ली, हैदराबाद इथली केंद्रं परदेशी जोडप्यांना परिचित झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्यांना कायद्याचं बळ नव्हतं. २००८ मध्ये आणंदला सरोगसीतून एक मुलगी जन्मली. जन्माआधीच तिच्या जपानी आईवडिलांचा घटस्फोट झाला होता. आईला मूल नको होतं, बापाला हवं होतं, आणि त्या मुलीला नेमक्या कोणत्या देशाची कागदपत्रं द्यायची ते कोणालाच सांगता येईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, विधी आयोगाने आपल्या २२८ व्या अहवालात कायदा करा, व्यावसायिक सरोगसीवर बंदी आणा, असं सांगितलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने परदेशी जोडप्यांसाठी हे दार बंद केलं.

त्यानंतर २१ नोव्हेंबर २०१६ रोजी सरोगसी (नियमन) विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. त्याचा गाभा असा : पैसे घेऊन सरोगसी करायची नाही, फक्त परोपकार म्हणून. जोडपं भारतीय हवं, लग्नाला किमान पाच वर्षं झालेली हवीत. सरोगेट स्त्री विवाहित हवी, तिला स्वतःचं मूल हवं, वय २५ ते ३५ हवं, आणि ती जोडप्याची जवळची नातेवाईक हवी. हेतू स्वच्छ होता. गरीब बायकांच्या गर्भाशयाचा बाजार थांबवायचा होता, आणि तो बाजार खरोखरच होता. बायकांना महिनोन्महिने एका इमारतीत ठेवणं, न वाचलेल्या कागदावर अंगठा घेणं, काही बिनसलं तर हात वर करणं, हे सगळं कुठे ना कुठे घडलेलं होतं.

पहिली समिती

जानेवारी २०१७ मध्ये विधेयक आरोग्य व कुटुंब कल्याण खात्याशी निगडित स्थायी समितीकडे गेलं. खात्यांशी जोडलेल्या अशा स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. आधी सतरा होत्या, २००४ पासून चोवीस झाल्या. प्रत्येकीत एकतीस सदस्य, एकवीस लोकसभेचे, दहा राज्यसभेचे. मंत्री या समित्यांवर बसू शकत नाहीत. आपल्या विधिमंडळातली रीत वेगळी. स्त्रियांवरच्या अत्याचारांविरुद्धचं महाराष्ट्राचं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा गृहमंत्रीच समितीचे अध्यक्ष होते. विधेयक आणणाऱ्यानेच त्याची तपासणी चालवायची, हे मला आजही पटत नाही. सरोगसीच्या वेळी स्थायी समितीचे अध्यक्ष रामगोपाल यादव होते, म्हणजे विरोधी बाकांवरचे.

कामाचा क्रम नेहमीचाच. वर्तमानपत्रांत सूचना देऊन निवेदनं मागवायची. ती छाननी करून खात्याकडे उत्तरासाठी धाडायची. मग साक्षी घ्यायच्या : खात्याचे सचिव, डॉक्टर, वकील, स्त्रियांच्या संघटना, आणि ज्यांच्यावर कायद्याचा थेट परिणाम होणार आहे अशी माणसं. बैठकीला कॅमेरे नसतात, पत्रकार नसतात. बोललेला शब्द न् शब्द टिपला जातो, पण दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यासाठी कोणाला बोलावं लागत नाही. पक्षादेशही इथे चालत नाही. सभागृहात ज्या खासदाराला पक्षाने सांगितलं तेच म्हणावं लागतं, तो इथे आपल्याच सरकारच्या सचिवाला विचारू शकतो की साहेब, हे अंमलात कसं आणणार? अशा प्रश्नाला सचिवाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते अहवालात छापून येतं. माझ्या मते समितीची खरी ताकद या छापील उत्तरात आहे. सभागृहात मंत्री भाषण देऊन वेळ मारून नेतो. समितीपुढे खात्याला खंडाखंडाचं कारण द्यावं लागतं, आणि कारण लंगडं असेल तर ते कागदावरच उघडं पडतं.

१० ऑगस्ट २०१७ रोजी समितीने आपला १०२ वा अहवाल सादर केला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातल्या परखडपणाने थक्क झाले. समितीत सत्ताधारी खासदारही होते, तरी तिने विधेयकाच्या पायालाच हात घातला. जवळच्या नातेवाईक स्त्रीने मोबदल्याविना एवढे हाल सोसावेत ही अपेक्षा म्हणजेच शोषणाचा एक प्रकार आहे, असं तिने म्हटलं. परोपकाराची ही कल्पना शास्त्रापेक्षा नैतिक गृहीतकांवर जास्त उभी आहे, असंही. डॉक्टरला फी मिळते, वकिलाला मिळते, रुग्णालयाचं बिल भागतं, मग प्रत्यक्ष गर्भ वाढवणाऱ्या बाईनेच फुकट काम का करायचं? म्हणून समितीने मोबदल्यासह सरोगसी सुचवली. बुडालेली मजुरी, समुपदेशन, तिच्या स्वतःच्या मुलांची देखभाल, आहार आणि औषधं, गरोदरपणातले कपडे, बाळंतपणानंतरची काळजी, या सगळ्याचा हिशेब त्यात धरायचा. रक्कम सरकारने ठरवायची, घासाघीस होऊ द्यायची नाही. ‘जवळची नातेवाईक’ ही अट काढून टाका, नात्यातली असो वा नात्याबाहेरची, कोणाही स्त्रीला मुभा द्या, असं तिने सुचवलं. पाच वर्षांच्या प्रतीक्षेऐवजी जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे एक वर्ष धरा, असं सांगितलं. विधवा, घटस्फोटिता, लग्नाविना एकत्र राहणारी जोडपी, परदेशस्थ भारतीय, यांच्यासाठीही दार उघडं ठेवा, असं म्हटलं.

घरातल्या घरात

कुटुंबात नकार देण्याची ताकद सगळ्यांना सारखी नसते, हे समितीने ज्या स्पष्टपणे म्हटलं ते मला फार मोलाचं वाटतं. ते आपल्या भाषेत, आपल्या घरात आणून पाहू. हे घर कल्पनेतलं आहे, पण ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

समजा साताऱ्याकडचं एक घर. थोरल्या भावाला मूल नाही, डॉक्टरांनी सांगितलंय की वहिनींचं गर्भाशय काढावं लागेल. धाकट्याला दोन मुलं. धाकटी सून एकोणतीस वर्षांची, माहेर गरीब, नवरा शेतीच्या हिश्शासाठी थोरल्यावर अवलंबून. कायदा सांगतो, सरोगेट नात्यातलीच हवी. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई तिला हाक मारतात. आवाजात मायाच असते. “अगं, बाहेरची कोण बाई आणायची? घरातलंच आहे. तुझ्या जाऊबाईंच्या पदरात एक मूल पडेल, आणखी काय हवं?” धाकटी मान खाली घालून ऐकते. तिच्यापुढे आता काय काय येणार आहे? संप्रेरकांची इंजेक्शनं, भ्रूण रुजवण्याची प्रक्रिया, ती फसली तर पुन्हा तेच. मग नऊ महिने, बाळंतपण, कदाचित सिझेरियन. आणि त्यानंतर ते मूल त्याच घरात, डोळ्यांसमोर, ‘काकू’ म्हणत मोठं होणार. ती नाही म्हणू शकेल का? म्हटलं तर उद्या त्या घरात तिचं काय होईल? आणि ‘हो’ म्हटलं तर त्या संमतीच्या कागदावर तिने मनापासून सही केली, हे कोणता दंडाधिकारी तपासणार?

परक्या बाईचं शोषण पैशातून होतं, घरच्या बाईचं नात्यातून. पहिलं डोळ्यांना दिसतं म्हणून त्यावर बंदी घालता येते. दुसऱ्याला विधेयकात ‘परोपकार’ म्हटलं होतं. कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात हा मुद्दा सापडणार नाही. तो समितीच्या खोलीत, साक्षी ऐकता ऐकता वर आला.

अहवालाचं काय झालं

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. १९ डिसेंबर २०१८ रोजी लोकसभेने विधेयक मंजूर केलं, त्यात ‘जवळची नातेवाईक’ होतीच, पाच वर्षंही होतीच, मोबदला नव्हताच. एकतीस खासदारांनी काही महिने खपून मांडलेल्या मूळ मुद्द्याला सभागृहात कसून उत्तर द्यावं, असं सरकारला वाटलं नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचलं ते हे. शिफारस अमान्य करायचा सरकारला अधिकार आहे. पण अमान्य करताना ‘का’ ते सांगायची सक्ती कुठेच नाही, आणि त्या पोकळीत समितीचं निम्मं काम विरून जातं.

राज्यसभेत विधेयक पुढे सरकलं नाही. २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि त्याबरोबर विधेयकही व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं.

नव्या लोकसभेत १५ जुलै २०१९ रोजी ते पुन्हा आलं, जवळजवळ त्याच रूपात. या वेळी स्थायी समितीकडे न जाता थेट चर्चेला घेतलं गेलं आणि ५ ऑगस्ट २०१९ रोजी लोकसभेने ते मंजूर केलं. त्या दिवशी सगळ्या देशाचे डोळे राज्यसभेकडे, कलम ३७० वर लागलेले होते. सरोगसीकडे लक्ष द्यायला कोणाला सवड होती?

हा अपवाद नव्हता. पंधराव्या लोकसभेच्या काळात ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सोळाव्या लोकसभेत हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर आलं आणि सतराव्या लोकसभेत १६ टक्क्यांवर. हे विधेयक वाचलं ते राज्यसभेमुळे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे चर्चा सुरू झाली आणि अनेक पक्षांच्या सदस्यांनी तेच जुने प्रश्न पुन्हा विचारले. २१ नोव्हेंबरला विधेयक तेवीस सदस्यांच्या प्रवर समितीकडे सोपवलं गेलं. अध्यक्ष होते भूपेंद्र यादव, तेव्हा मंत्री नसलेले, भाजपचे राज्यसभा खासदार.

दुसरी समिती

स्थायी समिती कायमची असते, तिच्याकडे खात्याचं सगळंच काम येतं. प्रवर समिती एकाच विधेयकापुरती नेमतात आणि काम झालं की ती संपते. तिचा अहवाल वेगळ्या धाटणीचा असतो. ती खंड दुरुस्त करूनच देते, म्हणजे सभागृहाला थेट मंजूर करता येईल असं विधेयक तयार होतं. माझ्या मते इथेच फरक पडला. पहिल्या समितीने धोरणाची दिशा बदला असं सांगितलं, तर दुसरीने शब्द बदलून दिले. सरकारला दिशा बदलणं जड जातं. शब्द बदलणं मानवतं, विशेषतः ते सत्ताधारी पक्षाच्याच ज्येष्ठ खासदाराने सुचवलेले असले तर.

५ फेब्रुवारी २०२० रोजी अहवाल आला. त्यात पंधरा प्रमुख बदल होते, आणि तीनच आठवड्यांत मंत्रिमंडळाने ते स्वीकारले.

‘जवळची नातेवाईक’ गेली आणि ‘इच्छुक स्त्री’ आली. कारण अगदी व्यवहारी दिलं : नात्याची अट ठेवली तर सरोगेट मिळणंच अवघड होईल, आणि ज्यांना खरी गरज आहे तेच अडकतील. घरातल्या दबावाचा मुद्दा पहिल्या अहवालात जेवढ्या ठसठशीतपणे होता तेवढा इथे नाही, पण शेवट तोच. दुसरा बदल वंध्यत्वाच्या व्याख्येचा. पाच वर्षं संबंध ठेवूनही गर्भधारणा न होणं ही व्याख्याच समितीने काढून टाकली. जन्मतः गर्भाशय नसलेल्या किंवा कर्करोगामुळे ते काढावं लागलेल्या स्त्रीला पाच वर्षं थांबायला सांगण्यात काय अर्थ आहे? ज्याचं निदान पहिल्याच दिवशी झालंय त्याने कशाची वाट पाहायची? एवढी साधी गोष्ट विधेयकाच्या मसुद्यात कशी निसटली याचं मला नवल वाटतं, पण मसुदा खात्यात बसून लिहितात. समितीपुढे मात्र अशी स्त्री, किंवा तिचा डॉक्टर, समोर येऊन बसतो.

तिसरा बदल : ३५ ते ४५ वयाच्या विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना परवानगी. परदेशस्थ भारतीय वंशाच्या जोडप्यांनाही मुभा, राष्ट्रीय सरोगसी मंडळाच्या शिफारशीसह. सरोगेट स्त्रीचा विमा सोळा महिन्यांचा होता, तो छत्तीस महिन्यांचा झाला. बाळंतपणानंतर वर्ष-दोन वर्षांनीही त्रास उद्भवतात हे गृहीत धरून केलेला हा बदल माझ्या लेखी सगळ्यात माणुसकीचा आहे, आणि त्याच्यावर सगळ्यात कमी लिहिलं गेलं. आणखी एक शहाणपणाची शिफारस होती : प्रयोगशाळेत होणाऱ्या गर्भधारणेच्या तंत्राचं नियमन करणारा कायदा आधी आणा, मग हा. भ्रूण बनतो तिथे नियम नसतील तर तो दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात जातो तिथे नियम घालून काय साधणार? सरकारने ते ऐकलं. ते दुसरं विधेयक सप्टेंबर २०२० मध्ये आलं, स्थायी समितीकडे गेलं, मार्च २०२१ मध्ये अहवाल आला. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही विधेयकं राज्यसभेत एकत्रच चर्चेला आली. त्या अधिवेशनात राज्यसभेचे बारा सदस्य अधिवेशनभरासाठी निलंबित होते. ८ डिसेंबरला मंजुरी झाली, १७ तारखेला लोकसभेने राज्यसभेच्या दुरुस्त्या मान्य केल्या, २५ तारखेला राष्ट्रपतींची सही. जानेवारी २०२२ पासून कायदा लागू आहे. पैसे घेऊन सरोगसी केली तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड.

जे सुटलं

पहिल्या समितीने सुचवलेला मोबदला दुसऱ्या समितीने मान्य केला नाही. सरोगसी परोपकारीच राहावी, असं तिने ठरवलं. पण केवळ वैद्यकीय खर्च पुरणार नाही हे तिलाही दिसत होतं. पौष्टिक आहार, गरोदरपणातले कपडे, अशा गोष्टींना पैसे लागतातच. म्हणून परोपकाराच्या व्याख्येत तिने ‘आणि इतर विहित खर्च’ असे शब्द घातले. विहित म्हणजे पुढे नियमांनी ठरवले जातील ते.

इथे दोन समित्या एकमेकींपासून किती दूर उभ्या आहेत ते पाहा. नात्याची अट काढायची आणि मोबदला द्यायचा, हे पहिल्या समितीच्या अहवालात एकमेकांत विणलेले दोन धागे होते. परक्या स्त्रीला मुभा द्या, आणि तिला हक्काचे पैसे द्या. दुसरीने एक धागा घेतला, दुसरा सोडला. मग ‘इच्छुक स्त्री’ म्हणजे कोण? नात्यात नसलेली, विवाहित किंवा कधीकाळी विवाहित, मूल असलेली, २५ ते ३५ वयाची एखादी बाई आपल्या कामधंद्यावर पाणी सोडून, जिवाची जोखीम पत्करून, परक्या जोडप्यासाठी, एक पैसा न घेता नऊ महिने गर्भ वाढवायला कशासाठी इच्छुक असेल? मैत्रीपोटी कोणी तयार होईल, आणि अशा बायका असतील तर त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण धोरण अशा मोजक्या बायकांच्या भरवशावर उभं राहत नाही. व्यवहारात पुन्हा नात्यातल्याच बाईकडे वळावं लागतं, म्हणजे ती रात्रीची हाक पुन्हा त्या धाकट्या सुनेलाच. किंवा मग पैसे टेबलाखालून जातात, आणि टेबलाखालून गेलेल्या पैशावर त्या बाईला कुठे दाद मागता येत नाही. हे दोन्ही धोके पहिल्या अहवालात वाचायला मिळतात. सात वर्षांनी तो पुन्हा उघडून बसले तेव्हा त्यातली ठळक अक्षरं मला नव्याने बोचली.

आणि ‘विहित’ हा शब्द. कायद्यात तो पुन्हा पुन्हा येतो. समिती विधेयक वाचते. नियम तेव्हा लिहिलेलेच नसतात, त्यामुळे ते तिच्यापुढे येतच नाहीत. कायदा झाल्यावर खातं नियम करतं, ते दोन्ही सभागृहांच्या पटलावर तीस दिवस ठेवले जातात. नियम तपासायला दोन्ही सभागृहांच्या वेगळ्या समित्या आहेत, पण देशभरच्या नियमांच्या ढिगाऱ्यात त्यांनी किती वाचायचं? विधेयकाच्या प्रत्येक खंडावर जसा डॉक्टर, वकील, बाई, सचिव असे चौघे समोरासमोर बसले, तसे नियमावर बसत नाहीत.

याचा फटका १४ मार्च २०२३ रोजी बसला. त्या दिवशीच्या अधिसूचनेने कायदा बदलला नाही, नियमाचा मजकूरही फारसा हलला नाही. सरोगेट स्त्रीच्या संमतीच्या कागदात, नमुना २ मध्ये, एक परिच्छेद बदलला. नव्या मजकुरानुसार जोडप्यातल्या दोघांचंही बीज (तिचं स्त्रीबीज, त्याचे शुक्राणू) त्यांचं स्वतःचंच हवं, दात्याचं चालणार नाही. ज्या स्त्रीला गर्भाशय नाही तिला कायदा सरोगसी देतो, पण तिची बीजंही तयार होत नसतील तर हा एक परिच्छेद तिला दाराबाहेर उभं करतो. अशी एक स्त्री सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. उज्ज्वल भुयाँ यांच्या खंडपीठाने तिच्यापुरती त्या बदलाला स्थगिती दिली. ज्या नियमाने गर्भाशय नसणं हे सरोगसीचं कारण मानलंय त्याच्याशी हा बदल विसंगत आहे, असं न्यायालयाला प्रथमदर्शनी वाटलं. पाठोपाठ आणखीही जोडपी न्यायालयात गेली.

ज्यांनी कायदा लागू होण्याआधीच भ्रूण गोठवून ठेवले होते आणि मग वयोमर्यादेत अडकले, त्यांच्यासाठीही कायद्यात सोय नव्हती. त्यांनाही न्यायालयातच जावं लागलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना वयाची अट लागू होत नाही असा निकाल दिला. समितीच्या एका बैठकीत सुटला असता असा प्रश्न सुटायला या जोडप्यांची काही वर्षं गेली, आणि मूल हवं असणाऱ्या चाळिशीच्या पलीकडच्या माणसाला वर्ष म्हणजे काय, ते तोच जाणे.

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने नमुना २ पुन्हा बदलला. जिल्हा वैद्यकीय मंडळाने वैद्यकीय कारण प्रमाणित केलं तर जोडप्यातल्या एकाचं बीज दात्याचं चालेल, दुसरं मात्र त्यांचंच हवं. त्याच कागदात खाली आणखी एक ओळ आहे, ती विधवा आणि घटस्फोटित स्त्रीसाठी : तिने स्वतःचीच बीजं वापरायची, शुक्राणू दात्याचे. प्रवर समितीने त्यांच्यासाठी वयाची मर्यादा ३५ ते ४५ अशी आखली होती. नवरा वारल्यावर सावरायला चार-पाच वर्षं घेऊन चव्वेचाळिसाव्या वर्षी कोणी ते दार ठोठावलं, तर कायदा तिला आत घेतो, आणि मग नमुना २ तिच्याकडे तिची स्वतःची बीजं मागतो.